घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी रडर पेडल: निवड, बैठक आणि पायांचा सराव

नागपुरात वाढलेल्या अनेकांप्रमाणे मलाही विमानांचे वेड सोनेगावच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहून लागले. त्या वेडाचे पुढे इतकेच झाले की प्रतापनगरच्या घरी, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर, मी काही वर्षांपासून संगणकाच्या पडद्यावर विमाने उडवतो. सुरुवातीला माझ्याकडे केवळ एक जॉयस्टिक होती. तिची मूठ डावीकडे-उजवीकडे पिळली की रडर, म्हणजे शेपटीवरचा हलता भाग, फिरत असे आणि तेवढ्यावर माझे भागतही होते. नंतर हौसेने तोच रडर पायांनी चालवण्यासाठी पेडलचा संच घेतला. पहिल्याच संध्याकाळी विमान धावपट्टीवर टेकवून दोन्ही ब्रेक दाबले, तेव्हा विमान थांबण्याऐवजी माझी चाकांची खुर्ची गुळगुळीत फरशीवरून मागे गेली आणि कूलरच्या स्टँडवर आदळली. त्यानंतरचे तीन आठवडे विमान उड्डाणासाठी वेगच घेत नव्हते आणि मी त्याचा दोष जुन्या संगणकाला देत होतो. खरे कारण एका खुणेच्या चौकटीत दडलेले होते. ते पुढे सहाव्या टप्प्यात येईल.

या दोन्ही फजित्यांतून एक गोष्ट मला कळली. पेडल कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा ते जमिनीवर किती घट्ट बसले आहे आणि तुम्ही ते किती कमी दाबायला शिकला आहात, यावर त्याचा उपयोग अधिक अवलंबून असतो. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा बैठकीला आणि सरावाला जास्त जागा दिली आहे.

१. पेडल काय करते, हे आधी समजून घ्या

विमानाच्या शेपटीवरील उभ्या पंखाच्या मागच्या कडेला जो हलता भाग असतो तो रडर. डावे पेडल दाबले की विमानाचे नाक डावीकडे वळते आणि उजवे दाबले की उजवीकडे. हे ऐकायला सरळ वाटते, पण सायकल चालवणाऱ्या पायाहातांना ते उलटे वाटू शकते, कारण सायकलच्या हँडलचे डावे टोक पुढे ढकलले तर चाक उजवीकडे वळते. पहिल्या दोन-तीन दिवसांत चुकीचे पेडल दाबले गेले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असा की रडर म्हणजे विमान वळवण्याचे साधन. हवेत विमान वळते ते पंख कलल्यामुळे. रडरचे काम त्या वळणाला स्वच्छ ठेवण्याचे आहे. डावीकडे वळण्यासाठी तुम्ही योक, म्हणजे विमानाचे हँडल, डावीकडे फिरवता तेव्हा उजव्या पंखाचे एलरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, खाली जाते, त्या पंखाची उचल वाढते आणि तिच्याबरोबर हवेचा विरोधही वाढतो. परिणामी विमान डावीकडे कलत असताना त्याचे नाक मात्र क्षणभर उजवीकडे ओढले जाते. राइट बंधूंना १९०२च्या ग्लायडरवर हीच अडचण आली होती आणि शेपटीवरचे स्थिर उभे पंख हलते केल्यावर ती आटोक्यात आली. त्या वेळी त्यांनी रडर पंखांच्या नियंत्रणालाच बांधून टाकला होता. तो वैमानिकाच्या स्वतंत्र ताब्यात आला १९०५च्या विमानात.

दुसरे काम इंजिनाच्या पंख्यामुळे (प्रोपेलरमुळे) निर्माण होते. सेस्ना १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. इंजिन पूर्ण जोरात असताना पंखा फिरवण्याची उलटी प्रतिक्रिया, पंख्यामागून शेपटीवर येणारा हवेचा पीळ आणि नाक वर असताना पंख्याच्या उजव्या पात्याला मिळणारी जास्त ओढ, या सगळ्यांमुळे विमान डावीकडे जाऊ पाहते. म्हणून उड्डाणाच्या वेळी उजवा पाय कामाला लागतो. रशियन याक-५२ चा पंखा उलट फिरतो, त्यामुळे तेथे डावा पाय लागतो. ब्रिटिश स्पिटफायरमध्ये तर जुन्या मर्लिन इंजिनाच्या आणि नंतरच्या ग्रिफन इंजिनाच्या विमानांत ही बाजूच बदलली.

पाय बरोबर चालले आहेत की नाही, हे सांगणारे उपकरण प्रत्येक विमानात असते. वक्र काचनळीतील ती काळी गोळी मधोमध राहिली पाहिजे. ती ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचे पेडल दाबायचे. एवढा एकच नियम पाठ असला तरी सुरुवात होते.

२. तुम्हाला पेडल खरोखर हवे आहे का, ते ठरवा

तुम्ही एअरबस ए३२० सारखी प्रवासी विमानेच उडवणार असाल, तर पेडलचे काम धावपट्टीवर विमान सरळ धरणे, आडव्या वाऱ्यात उतरणे आणि एखादे इंजिन बंद पडणे, एवढ्यापुरते असते. हवेत वळणांची स्वच्छता विमानाची यंत्रणाच सांभाळते आणि जमिनीवर मोठ्या वळणांसाठी वेगळे हातचाक असते, कारण ए३२० मध्ये पेडलने पुढचे चाक जेमतेम ६ अंश वळते. अशा वाचकाने घाई करू नये. लहान पंख्याची विमाने, शेपटीखाली चाक असलेली जुनी विमाने, दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमाने किंवा हेलिकॉप्टर ज्यांना आवडतात, त्यांनी मात्र जॉयस्टिकनंतरची पहिली खरेदी पेडलचीच करावी.

अजून काहीच घेतले नसेल, तर फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर विनामूल्य मिळतो. मूठ पिळता येणारी एखादी जॉयस्टिक घेऊन त्यावर महिनाभर सराव करा आणि त्यानंतरही गोडी टिकली तर पैसे खर्च करा. मोटारीच्या खेळासाठी घेतलेले ॲक्सिलरेटर-ब्रेकचे पेडल रडर म्हणून वापरण्याची युक्ती अनेकजण सुचवतात. ती चालते, पण मी सुचवणार नाही. विमानाचे दोन्ही पेडल आतून एकमेकांना जोडलेले असतात आणि एक पुढे गेले की दुसरे तेवढेच मागे येते. मोटारीच्या पेडलमध्ये हा दुवा नसल्यामुळे दोन्ही पाय एकाच वेळी दाबण्याची सवय लागते आणि ती मोडायला फार दिवस जातात.

३. टेबलाखालची जागा मोजा

हा टप्पा वगळून खरेदी करणारे बरेच असतात. आपल्याकडच्या अभ्यासाच्या टेबलाला खाली पाय ठेवण्यासाठी आडवी पट्टी असते आणि पेडल नेमके तेथेच अडते. पूर्ण उघडलेले वर्तमानपत्र टेबलाखाली पसरून पाहा. ते सपाट मावत असेल, तर बहुतेक संच मावतात. त्यानंतर खुर्चीत पाठ टेकवून बसा आणि पाय पुढे पसरा. एक पाय पूर्ण पुढे गेलेला असतानाही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि दुसऱ्या पायाचा गुडघा टेबलाच्या किंवा योकच्या खालच्या कडेला लागता कामा नये. उंच माणसांनी ही दुसरी अट विशेष लक्ष देऊन तपासावी.

४. संच निवडताना काय पाहावे

पहिला प्रश्न टो ब्रेकचा. बहुतेक संचांत तीन अक्ष असतात. पेडल पुढे-मागे सरकणे हा रडरचा अक्ष आणि प्रत्येक पेडल चवड्याने खाली झुकवणे हे डाव्या व उजव्या चाकाचे स्वतंत्र ब्रेक. सेस्ना, बोइंग, एअरबस, डकोटा या सर्वांना हे ब्रेक लागतात. व्हीकेबी कंपनीच्या टी-रडर या संचात टो ब्रेक नाहीत. तो आटोपशीर आहे आणि जुन्या रशियन लढाऊ विमानांसाठी किंवा हेलिकॉप्टरसाठी सोयीचा आहे, कारण त्या रशियन विमानांत ब्रेक दांड्यावरच्या मुठीने लावत असत. सेस्ना शिकू पाहणाऱ्याने तो घेतला, तर जागच्या जागी वळण्यासाठी एका चाकाचा ब्रेक कसा लावायचा, हा प्रश्न त्याच्यापुढे रोज उभा राहील.

दुसरा प्रश्न सेन्सरचा. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या संचांत बहुधा पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाच्या आत असते तसली घासणारी पट्टी. ती झिजते आणि तिच्यावर धूळ बसली की पाय स्थिर असतानाही पडद्यावरचा रडर थरथरतो. हॉल सेन्सरमध्ये चुंबक आणि संवेदक यांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही, त्यामुळे झिजण्यासारखे काही उरत नाही. हा परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला होता. नागपुरात हा फरक पुस्तकी राहत नाही. मार्च ते जून कूलर दिवसभर चालतो, बाहेरची धूळ आणि ओलावा दोन्ही खोलीत आणतो आणि पेडल नेमके फरशीवर, म्हणजे दोन्ही जास्त असतात तेथे पडलेले असते. पैशांची सोय होत असेल, तर हॉल सेन्सरचा संच घ्यावा असे माझे मत याच कारणाने झाले आहे.

तिसरी गोष्ट वजनाची आणि रुंदीची. हलका प्लास्टिकचा संच पायाखाली सरकतो, पण तो लाकडी फळीवर पक्का केला तर ही उणीव पुष्कळ भरून निघते. दोन पेडलांमधले अंतर मात्र नंतर बदलता येत नाही. जवळजवळ असलेल्या पेडलांवर पाय ठेवून तासभर बसल्यावर मांड्यांना अवघडल्यासारखे वाटते, म्हणून शक्य असेल तर कोणाकडे तरी प्रत्यक्ष बसून पाहा.

बाजारात सहज सापडणाऱ्या नावांपैकी लॉजिटेकचा संच पूर्वी सायटेक या नावाने विकला जात असे आणि जुन्या लेखांत त्याच नावाने आढळतो. त्याच्या मध्यभागी स्प्रिंगचा ताण कमीजास्त करण्याची चकती आहे. थ्रस्टमास्टरचे टीएफआरपी आणि टीपीआर असे दोन संच आहेत. पहिला सुरुवातीच्या किमतीतला आहे, तर दुसरा धातूचा, चुंबकीय सेन्सरचा आणि वरून टांगलेल्या झोपाळ्यासारख्या हालचालीचा आहे. क्रोएशियात बनणारा एमएफजी क्रॉसविंड आणि व्हर्पिलचे संच वरच्या पायरीवरचे समजले जातात. पहिल्याच खरेदीत तेथपर्यंत जाण्याची गरज नाही.

ज्यांना हाताने काही बनवण्याची आवड आहे त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. लकडगंजातून आणलेले प्लायवूड, दाराच्या बिजागऱ्या, दोन स्प्रिंगा, एक हॉल सेन्सर आणि आर्डुइनो लिओनार्डोचा बोर्ड एवढ्या साहित्यात चालणारे पेडल तयार होते, कारण तो बोर्ड संगणकाला यूएसबी जॉयस्टिक म्हणून स्वतःची ओळख देऊ शकतो. माझा एक शेजारी असे पेडल वापरतो. त्याचे दोन रविवार आणि एक ड्रिल बिट त्यात गेले, पण पेडल टिकले आहे.

५. खरेदी आणि जपून ठेवायची कागदपत्रे

वापरलेला संच घ्यायला हरकत नाही, मात्र तो संगणकाला जोडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एकदा सीताबर्डीत एका दुकानाबाहेर उभा राहून, खोका हलवून आणि पेडल हातानेच ढकलून खरेदी केली होती. घरी आल्यावर डावा ब्रेक अर्ध्यावर अडकलेला निघाला. लॅपटॉप सोबत न्या, विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल ही आज्ञा द्या आणि उघडलेल्या चौकटीत तिन्ही अक्ष सावकाश हलवून पाहा. रेघ उड्या न मारता सरकली पाहिजे आणि पाय काढल्यावर दर वेळी त्याच मध्यावर परतली पाहिजे.

जवळ ठेवायच्या गोष्टी पुढीलप्रमाणे:

• जीएसटी क्रमांक असलेले बिल, ज्यावर संचाचे पूर्ण नाव लिहिलेले असेल.
• संचाच्या तळाशी असलेल्या अनुक्रमांकाचे छायाचित्र. हे फळीवर स्क्रू मारण्यापूर्वीच काढा, कारण नंतर तो अनुक्रमांक फळीखाली जातो.
• ऑनलाइन मागवला असल्यास खोका उघडतानाचे सलग चित्रीकरण.
• परदेशातून मागवत असल्यास पैसे भरल्याची पावती आणि कुरिअर कंपनीला द्यावी लागणारी ओळखपत्रांची प्रत.

परदेशी संचाच्या बाबतीत संकेतस्थळावर दिसणारी किंमत अंतिम समजू नका. वाहतूक खर्च, सीमाशुल्क आणि कर मिळून रक्कम बरीच वाढते आणि ती पार्सल भारतात आल्यानंतर भरावी लागते. मूळ खोका वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. दुरुस्तीसाठी संच परत पाठवायची वेळ आली, तर एवढी जड आणि वेडीवाकडी वस्तू दुसऱ्या खोक्यात नीट बसत नाही.

६. बैठक पक्की करा आणि मग संगणकाला जोडा

पेडलवर पडणारा जोर खुर्चीला मागे ढकलतो आणि पेडलला पुढे ढकलतो, म्हणून दोघांना एकमेकांशी बांधणे हा सर्वांत साधा उपाय आहे. मी १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची एक लांब फळी घेतली. तिच्या पुढच्या टोकाला पेडल स्क्रूने बसवले आणि मागच्या टोकाला खुर्चीची चाके बसतील असे उथळ गोल खड्डे सुताराकडून कोरून घेतले. आता मी कितीही जोराने ब्रेक दाबला, तरी तो जोर फळीतच जिरतो. फळीखाली रबराचा पातळ गालिचा घातला आहे, कारण गुळगुळीत टाइल्सवर नुसती फळीदेखील सरकते. ज्यांना एवढे करायचे नसेल त्यांनी खुर्चीच्या खांबापासून पेडलपर्यंत न ताणणारा नायलॉनचा पट्टा बांधावा आणि पेडल भिंतीला टेकवावे. चार पायांची साधी लाकडी खुर्चीदेखील चाकांच्या महागड्या खुर्चीपेक्षा या कामी बरी पडते.

लागणारे साहित्य थोडेच आहे: मोजपट्टी, प्लायवूड, स्क्रू आणि पेचकस, रबरी गालिचा, पट्टा आणि केबल जमिनीवर लोंबू नये म्हणून काही क्लिपा. पेडलच्या तळाला कंपनीने छिद्रे दिलेली असतील, तर तीच वापरा. नवीन छिद्र पाडले तर वॉरंटी जाण्याची शक्यता असते आणि आतल्या भागाला धक्का लागतो तो वेगळाच.

आता जोडणी. पेडल संगणकाच्या स्वतःच्या यूएसबी खाचेत लावा. हब वापरणे भागच असेल, तर तो स्वतंत्र वीजपुरवठ्याचा असावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या वीजबचतीची खूण काढून टाका, नाहीतर लांबच्या उड्डाणात संगणक पेडलला झोपवून टाकतो आणि नेमके उतरताना ते कळते. त्यानंतर सिम्युलेटरच्या नियंत्रणांच्या पानावर पुढील गोष्टी याच क्रमाने तपासा.

आधी रडरचा अक्ष फक्त पेडललाच दिलेला आहे याची खात्री करा. जॉयस्टिकची पिळण्याची हालचालही रडरला जोडलेली राहिली, तर दोन उपकरणांची ओढाताण होते आणि विमान दारू प्यायल्यासारखे चालते. मग ब्रेकचे दोन अक्ष पाहा. येथेच माझे तीन आठवडे गेले. अनेक संचांत पाय काढलेला असताना मिळणारा आकडा सिम्युलेटरला पूर्ण दाबलेल्या ब्रेकसारखा वाटतो आणि विमान ब्रेक लावूनच धावत राहते. त्या अक्षासमोरची दिशा उलट करण्याची खूण केली की प्रश्न संपतो. बाहेरच्या दृश्यातून किंवा कॉकपिटमधल्या पेडलकडे पाहून, पाय काढल्यावर ब्रेक सुटतात का, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

तिसरी तपासणी साहाय्यांची. सिम्युलेटरमध्ये स्वयंचलित रडरची सोय असते आणि नवशिक्यांसाठी ती बहुधा चालूच असते. ती बंद केली नाही, तर तुम्ही पेडल दाबाल आणि संगणक तुमच्या विरुद्ध दाबेल.

शेवटी संवेदनशीलता. खऱ्या विमानात पेडलला हवेचा विरोध जाणवतो, घरच्या पेडलला केवळ स्प्रिंगचा जाणवतो, म्हणून पायाची लहान हालचाल पडद्यावर मोठी होते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये रडरची संवेदनशीलता उणे ३० ते उणे ४० टक्क्यांच्या आसपास नेली, की मध्याजवळचा वक्र सपाट होतो आणि टोकाशी पूर्ण हालचाल कायम राहते. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्येही असा वक्र ओढता येतो. डेडझोन, म्हणजे मध्याजवळचा ज्यातली हालचाल सिम्युलेटर मोजतच नाही तो पट्टा, मात्र शक्य तितका लहान ठेवा. पोटेन्शिओमीटर थरथरत असेल तर २-३ टक्के पुरेत, हॉल सेन्सरला जवळजवळ काहीच लागत नाही. मोठा डेडझोन म्हणजे पायाला उत्तरच न देणारे विमान. मग माणूस अधिक दाबतो आणि विमान एकदम उसळते.

हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांनी स्प्रिंगचा ताण अगदी कमी करावा किंवा संच परवानगी देत असेल तर स्प्रिंग काढून टाकावी, कारण तेथे पेडल मध्यावर परत येणे अपेक्षित नसते.

७. देखभाल

आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने रुळांमधली धूळ काढा. कूलरच्या दिवसांत पेडलवर जुनी चादर टाकून ठेवा आणि कूलरची थेट झोत त्यावर येऊ देऊ नका. करकर वाजू लागले म्हणून शिलाई मशीनचे किंवा खोबरेल तेल घालण्याचा मोह होतो, पण तेलाला धूळ चिकटून आठ दिवसांत चिखल होतो. प्लास्टिकच्या रुळांना सिलिकॉनचे ग्रीस थोडेसे लावावे. थरथरणाऱ्या पोटेन्शिओमीटरवर इलेक्ट्रॉनिक भागांसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, तर पुष्कळदा काही महिन्यांचे आयुष्य वाढते.

८. पायांना शिकवा

बूट घालून सराव करू नका. पातळ मोजे किंवा अनवाणी पाय उत्तम. टाचा जमिनीवर किंवा पेडलच्या खालच्या कडेवर टेकलेल्या असाव्यात आणि चवडे पेडलच्या खालच्या भागावर असावेत, म्हणजे रडर वापरताना ब्रेक नकळत लागणार नाहीत. ब्रेक हवा असेल तेव्हाच पाय वर सरकवायचा. विमान टेकण्याच्या क्षणी चवडे वर असणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

सिम्युलेटरमध्ये सोनेगावचे विमानतळ व्हीएएनपी या संकेताने शोधा. धावपट्टी १४-३२ (हे आकडे म्हणजे तिच्या दोन दिशा, सुमारे १४० आणि ३२० अंश) सुमारे ३,२०० मीटर लांब आहे आणि एवढ्या लांबीवर चुका करायला भरपूर जागा मिळते. सेस्ना १७२ घ्या आणि पहिला दिवस फक्त जमिनीवर चालवण्यात घालवा. या विमानात पेडलने पुढचे चाक दोन्ही बाजूंना सुमारे १० अंश वळते आणि एका बाजूचा ब्रेक लावला की ३० अंशांपर्यंत जाते. मधल्या रेषेवर चालत राहा. विमान रेषेपासून दूर गेल्यावर पाय हलवू नका, जाऊ लागले की हलवा. पेडल दाबले की लगेच थोडे सोडायचे असते, हे येथेच कळते. नवखा माणूस दाबून वाट पाहतो आणि विमान नागमोडी चालते.

दुसऱ्या दिवशी उड्डाण करा. इंजिनाचा जोर एकदम न देता तीन-चार सेकंदांत वाढवा आणि त्याच गतीने उजवा पाय पुढे न्या. सुमारे ५५ नॉट (तासाला सागरी मैल) वेगाला नाक उचलल्यावर उजव्या पायाची गरज वाढते, कमी होत नाही, आणि येथे बहुतेकांचा पाय सैल पडतो. मे महिन्यातले ४५ अंश तापमान सिम्युलेटरमध्ये लावून पाहिले, तर आणखी एक गोष्ट कळेल. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३३ फुटांवर असले, तरी प्रमाण दाब धरल्यास त्या उष्णतेत विमानाला हवा सुमारे ४,९०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ वाटते. धाव लांबते, चढाई मंदावते आणि उजवा पाय तितका जास्त वेळ गुंतून राहतो.

३२ वरून निघाल्यावर थोड्याच वेळात पुढे उजवीकडे अंबाझरीचे पाणी दिसते. ३,००० फुटांवर जाऊन विमानाचे नाक तलावाच्या एका टोकावर रोखा आणि योक डावीकडे-उजवीकडे २० अंश कलवत राहा. नाक त्या टोकावरून हलता कामा नये. योक डावीकडे तर डावा पाय, योक उजवीकडे तर उजवा पाय, आणि दोन्ही एकाच वेळी. हा व्यायाम कंटाळवाणा आहे. मी तो टाळत होतो आणि त्यामुळेच माझी वळणे वर्षभर घसरत होती. रोज दहा मिनिटे केला, तर पंधरा दिवसांत गोळीकडे न पाहताही ती कोठे असेल याचा अंदाज येऊ लागतो.

आडव्या वाऱ्यासाठी हवामान स्वतः ठरवा. वारा २७० अंशांवरून १२ नॉट लावा आणि ३२ वर उतरा. धावपट्टीशी ५० अंशांचा कोन होतो, म्हणजे सुमारे ९ नॉट वारा डावीकडून आडवा आणि ८ नॉटच्या आसपास समोरून येतो. सेस्ना १७२ साठी निर्मात्याने करून दाखवलेला आडवा वारा १५ नॉट आहे, सेस्ना १५२ साठी १२ नॉट, त्यामुळे हा सराव मर्यादेच्या आत आहे. विमान नाक डावीकडे वाऱ्यात खुपसून तिरके येईल, येऊ द्या. जमीन जवळ आल्यावर उजव्या पायाने नाक धावपट्टीच्या रेषेत आणा आणि त्याच क्षणी योक थोडी डावीकडे कलवा, नाहीतर सरळ झालेले विमान वाऱ्याबरोबर उजवीकडे वाहत जाईल. चाके टेकल्यावर योक सोडून न देता ती हळूहळू आणखी डावीकडे नेत राहा. सुरुवातीला पाच नॉट आडव्या वाऱ्यापासून चढत जाणे शहाणपणाचे आहे. मी थेट पंधरावर गेलो आणि आठवडाभर गवतातच उतरत राहिलो.

९. पुढची पायरी: शेपटीचाकाचे विमान

सेस्नाचे पुढचे चाक तुमच्या पुष्कळ चुका पोटात घालते. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो आणि नाक जरा वळले, की शेपूट पुढे येऊ पाहते. डकोटा, म्हणजे डग्लस डीसी-३, यासाठी उत्तम शिक्षक आहे. नागपूरकराला तो उडवायला एक खास निमित्तही आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्या कामावर डकोटा विमाने होती. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२२च्या चाळिसाव्या वर्धापन आवृत्तीत हे विमान आलेले आहे.

रात्रीची वेळ आणि शांत वारा लावून मुंबईकडून या. उतरण्यापूर्वी शेपटीचाकाचे कुलूप लावलेले आहे का, ते पाहा. हे कुलूप लावले नाही तर चाक मोकळे फिरते आणि विमान हातचे जाते. मुख्य चाके टेकल्यावर शेपूट आपोआप खाली येईपर्यंत ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नका. दोन्ही पाय सतत, अगदी थोडे थोडे हलत राहू द्या. मोठ्या नाकामुळे समोरची धावपट्टी दिसेनाशी होते, तेव्हा दोन्ही कडांच्या दिव्यांमधले अंतर सारखे आहे का, एवढेच पाहायचे. वेग माणसाच्या चालीइतका कमी झाला, की योक पोटाशी ओढलेली ठेवून कुलूप काढा आणि ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचा ब्रेक चवड्याने हलकेच दाबा.